बिनघोड्याचा स्वार

‘शिलेदार’ हा शब्द उच्चारला की मराठी माणसाची मान किंचित ताठ होते. हल्ली वर्तमानपत्रांतून एखाद्या पुढाऱ्याच्या भोवतीच्या मंडळींना त्याचे ‘शिलेदार’ म्हणण्याची रीत पडली आहे. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा, तो स्वार. या मंडळींपैकी कितीजण स्वतःच्या घोड्यावर बसलेले असतात, हा प्रश्न दिवाळीच्या दिवसांत न विचारलेला बरा.

शिलेदाराचा एक जोडीदार आहे. त्याचे नाव बारगीर. त्याच्या नावाने मात्र कुणाची मान ताठ होत नाही. शाळेच्या पुस्तकांत दोघांची गाठ एकाच वाक्यात पडते: स्वतःचा घोडा व हत्यारे आणतो तो शिलेदार, ज्याला सरकारातून घोडा मिळतो तो बारगीर. मुले हे वाक्य पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि गुण मिळाले की विसरून जातात. मीही इतकी वर्षे हे वाक्य फळ्यावर लिहीत आलो आहे. आम्हां कादंबरीकारांचीही तीच तऱ्हा. नायक करायचा तर शिलेदार सोयीचा. त्याच्यापाशी वडिलार्जित तलवार असते, लाडका घोडा असतो, वाड्याच्या दारात ओवाळणारी कुणीतरी असते. बारगिरापाशी काय असते? अंगावरचे कपडे आणि हजेरीपटावर नाव. घोडासुद्धा पागेचा. पण शब्द म्हणून पाहिले, तर शिलेदारापेक्षा बारगिरानेच अधिक मुलूख पाहिला आहे, आणि त्याच्या वाट्याला आलेली कीर्ती व अपकीर्ती दोन्हीही मोठ्या आहेत.

शब्द फारसी आहे. ‘बार’ म्हणजे ओझे. वाण्याच्या दुकानात रिकाम्या पोत्यांना ‘बारदान’ म्हणतात, तो हाच बार. जुन्या कागदांत सामान वाहून नेण्याच्या खर्चाला ‘बारबरदारी’ म्हटलेले आढळते, त्यातही तोच. आणि ‘गीर’ म्हणजे घेणारा, धरणारा. हा गीर आपल्या घरात इतका रुळला आहे की तो परका आहे हेही ध्यानात येत नाही. आलम धरणारा तो आलमगीर; जागा धरून ठेवण्याचा हक्क ती जहागीर; मन धरले गेले, आवळले गेले की माणूस दिलगीर. तेव्हा बारगीर म्हणजे ओझे घेणारा, भारवाहू.

आता गंमत पाहा. फारसीत हा शब्द जनावराला लागत असे; ओझ्याचा घोडा, वाहणारे जनावर, तो बारगीर. हिंदुस्थानात येऊन तो घोड्यावरून घोडेस्वारावर चढला. ज्याला स्वतःचा घोडा नाही, दुसऱ्याच्या जनावरावर बसून जो चाकरी करतो, त्या माणसालाच जनावराचे नाव मिळाले. मोगलांच्या फौजेतही हीच विभागणी होती: घोड्याचा धनी तो सिलाहदार, आणि त्या धन्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. सिलाह म्हणजे हत्यार. हत्यार बाळगणारा तो सिलाहदार. त्याचाच आपण शिलेदार केला. घोडे बांधतात ती ‘पागा’, तीही फारसी ‘पायगाह’वरून आलेली. हैदराबादच्या निजामाच्या दरबारातले पायगा घराणे प्रसिद्ध आहे. आमची पागा आणि त्यांची पायगा ही एकाच शब्दाची दोन रूपे.

या दोघांत श्रेष्ठ कोण? जगाच्या नजरेत अर्थातच शिलेदार. घोडा म्हणजे त्या काळी केवढी मोठी मालमत्ता! पण शिवाजीमहाराजांनी हा हिशेब उलटा मांडला. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून जिंजीस बखर लिहिली. तिच्यात घोडदळाची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी. पाच हजाऱ्यांवर पंचहजारी. आणि सर्वांवर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे स्वाराला पाण्याची विवंचना नाही आणि घोड्याच्या नालेचीही नाही. शिलेदारही फौजेत होते, त्यांचेही सुभे होते. पण त्यांना पागेच्या दिमतीस दिलेले. सभासद कारणही सांगतो. पागा बळकट केली आणि शिलेदार तिच्या तंत्राने ठेवले, म्हणजे बंडावा करण्याइतके बळ कोणापाशी राहात नाही. ज्याचा घोडा त्याची मर्जी, हे महाराजांनी नेमके ओळखले होते.

याच बखरीत त्या फौजेचे वर्षाचे वेळापत्रकही आहे. पावसाळ्यात छावणीला यावे. दसऱ्याला कूच करावे आणि आठ महिने मुलूखगिरी करावी. निघताना लहानथोर सर्वांच्या बिशादीची यादी करावी. परत येताना झडती घ्यावी, आणि यादीपेक्षा अधिक निघेल ते सरकारात जमा व्हावे. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नसावी; बाळगील त्याची गर्दन मारावी. आपण दसऱ्याला आपट्याची पाने हाती देऊन सोने लुटल्याचा आनंद मानतो; त्या सोन्याला या फौजेत हिशेब होता, आणि तो कारकुनाच्या लेखणीने लिहिला जात होता.

याहूनही बोलका एक कागद आहे. १६७३-७४ च्या सुमारास पावसाळ्याच्या तोंडावर चिपळूण भागात फौजेची छावणी पडणार होती. तेथल्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना महाराजांचे पत्र गेले. महाराज त्यात गवताच्या काडीपर्यंत उतरतात. दाणा-वैरण जमवली आहे, ती पुरवून वापरा. आत्ता मन मानेल तशी उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही रयतेकडे जाल. कुणाचे दाणे घ्याल, कुणाची भाकर, कुणाचे गवत, कुणाचे लाकूडफाटे. मग कुणबी घर धरून राहणार नाहीत; त्यांना वाटेल की तुमच्यापेक्षा मोगल बरा. दिवा जळता ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि पागा भस्म होईल. राज्य करणाऱ्या माणसाने उंदराच्या तोंडातली वातसुद्धा आधी पाहिली होती. हे पत्र मी वर्गात दरवर्षी वाचून दाखवतो, आणि दरवर्षी उंदराजवळ पोचलो की वर्ग हसतो आणि मग गप्प होतो.

यातला मर्म असा की, घोडा सरकारचा असला म्हणजे दाणाही सरकारला पुरवावा लागतो; आणि दाणा सरकार पुरवते म्हणूनच रयतेच्या गवताला हात लावू नका, असे बजावण्याचा अधिकार सरकारला येतो. बारगिराचे गरीब असणे हेच रयतेचे संरक्षण होते. त्याच्यापाशी गमावण्यासारखे काही नव्हते. घोडा लढाईत मेला तर पागेतून दुसरा मिळे. शिलेदाराचा घोडा मेला की त्याचे घर बसले. म्हणून ऐन गर्दीत घोडा घालताना त्याचा हात लगामाकडे गेला, तर त्याला सरसकट भ्याड म्हणणे न्यायाचे होणार नाही. पेरणीच्या तोंडावर ज्याचा बैल मेला आहे, अशा शेतकऱ्याला विचारा.

महाराजांच्या पश्चात औरंगजेबाशी पंचवीस वर्षे झुंज चालली. तिजोरी रिकामी, राजा जिंजीला. अशा वेळी पागा कुठून पोसायची? ज्याने मुलूख जिंकावा त्याने त्यावर फौज पोसावी, असे सरंजाम वाटले गेले. राज्य वाचले ते यामुळेच, हे कबूल केलेच पाहिजे. पण घोड्याचा धनी बदलला. अठराव्या शतकातल्या मराठी फौजांत शिलेदारांचाच भरणा अधिक झाला, सरदारांच्या पागा सरदारांच्या झाल्या, आणि फौजेच्या मागे लुटीवरच पोट भरणारे पेंढारी चालू लागले. आता यादी कोण करणार आणि झडती कोण घेणार?

आणि नेमक्या या काळात बारगीर हा शब्द आपल्या मुलुखाबाहेर गेला.

खरे तर त्याचे बाहेर जाणे त्याच्याही आधी सुरू झाले होते. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने मोगलांना दक्षिणेत जेरीस आणले, ते मराठी स्वारांच्या बळावर. समोरासमोर उभे राहायचे नाही, रसद मारायची, छावणीभोवती घिरट्या घालायच्या, पाठलाग झाला की पांगायचे. या चपळ स्वारांना मोगल लेखक ‘बर्गी’ म्हणू लागले आणि त्या युद्धरीतीला ‘बर्गीगिरी’. आपण तिला गनिमी कावा म्हणतो. पण गनीम म्हणजे शत्रू, आणि मोगल मराठ्यांना गनीम म्हणत. म्हणजे आपल्या युद्धरीतीची दोन्ही नावे शत्रूने ठेवलेली! एक आपण अभिमानाने उचलून घेतले. दुसरे आपल्याला ठाऊकही राहिले नाही. ते बंगालने सांभाळून ठेवले.

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर चौथाईची मागणी घेऊन बंगालात उतरले. त्या सुभ्यावर तेव्हा अलीवर्दीखान होता. वर्धमानजवळ त्याला मराठ्यांनी वेढले. तो कसाबसा निसटून काटव्याला गेला. त्याच्यावर रुष्ट झालेला मीर हबीब मराठ्यांना येऊन मिळाला, आणि त्याने मे महिन्यात त्यांना थेट मुर्शिदाबादेत नेऊन जगत्शेठाची कोठी लुटविली. पुढे काटवा हेच मराठ्यांचे ठाणे झाले. त्या साली नवरात्र आले तेव्हा भास्करपंतांनी काटव्याजवळ दाइंहाट येथे दुर्गापूजा मांडली. परमुलखातल्या देवीपुढे मराठी लष्कराचा उत्सव! पूजा पुरी व्हायच्या आत अलीवर्दीखानाने नावांच्या पुलावरून रात्री नदी ओलांडली आणि २७ सप्टेंबर १७४२ च्या पहाटे तो छावणीवर तुटून पडला. पूजा तशीच टाकून पंतांना निघावे लागले.

पुढल्या साली स्वतः रघूजी आले. आणि त्यांना आवरायला बादशहाच्या सांगण्यावरून कोण आले, तर नानासाहेब पेशवे! बंगालच्या रयतेने एकाच वर्षी दोन मराठी फौजा पाहिल्या, एक लुटणारी आणि एक वाचवायला आलेली. अलीवर्दीखानाने पेशव्यांना बावीस लाख रुपये देऊ केले. या दोन फौजांमधला फरक गावकऱ्यांना कितपत कळला असेल, याची मला शंकाच आहे. ३१ मार्च १७४४ रोजी मनकरा येथे तहाच्या बोलण्यासाठी भास्करपंतांना तंबूत बोलावून अलीवर्दीखानाने सरदारांसह कापून काढले. ही दग्याची गोष्ट आपल्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते, आणि सांगावी. पण त्याआधीची दोन वर्षे आपण दोन ओळींत उरकतो. १७५१ मध्ये तह झाला: सालिना बारा लाख रुपये चौथाई, आणि सुवर्णरेखा नदीपलीकडचा ओरिसा भोसल्यांच्या हाती. कटकेवर त्यांचा अंमल १८०३ पर्यंत राहिला. राजकारण म्हणून पाहिले तर सौदा फायद्याचा झाला.

गावातल्या माणसाला तो कसा दिसला हे गंगाराम नावाच्या एका बंगाली कवीने लिहून ठेवले आहे. त्याच्या काव्याचे नावच ‘महाराष्ट्र पुराण’. हस्तलिखितावर बंगाली सन ११५८, म्हणजे इसवी सन १७५१, अशी नोंद आहे. नाव वाचून मराठी माणसाला हुरूप यावा. आत मात्र वेगळेच आहे. आरंभी पृथ्वी पापाच्या भाराने गांजते, देवांकडे जाते, आणि शिव नंदीला दक्षिणेत शाहू राजाकडे पाठवतो. तेव्हा बर्गी आले ते देवाच्याच आज्ञेने, पाप्यांना शासन करायला! कवीने आपल्याला दिलेला हा केवढा मोठा मान. पण मग तो पळणाऱ्यांची मिरवणूक दाखवतो. पंडित पोथ्या घेऊन पळतात, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. ज्यांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता त्या घरंदाज बायका डोक्यावर गाठोडे घेऊन चालतात. गरोदर बायकांना वाटेतच कळा येतात. कुणी विचारतो, बर्गी डोळ्यांनी पाहिले का? नाही, कुणीच पाहिलेले नाहीत. सगळे पळतात म्हणून आम्ही पळतो. आणि एवढ्यात मोकळ्या माळावर बर्गी येऊन त्यांना घेरतात. पुढची वर्णने सणाच्या अंकात मी सविस्तर देत नाही. सोन्यारुप्यावर त्यांचा हात थांबला नाही, घरे आणि विष्णुमंडप जळले, बायाबापड्यांची विटंबना झाली, एवढे म्हटले तरी पुरे. शेवटी ब्राह्मणांची आणि स्त्रियांची हत्या पाहून देवीच कोपते आणि पाठ फिरवते. ज्या देवीची पूजा दाइंहाटला अर्धी राहिली, तीच.

आपले काही लेखक म्हणतात की हे सारे शत्रूचे लिहिणे. पण गंगाराम नबाबाचा भाट नव्हे, आणि हे लिहिणारा तो एकटाही नव्हे. वर्धमानच्या राजाच्या आश्रयाला असलेल्या बाणेश्वर विद्यालंकाराने १७४४ मध्ये ‘चित्रचंपू’ हे संस्कृत काव्य रचले. त्यातही शाहू राजाच्या सैन्याचे वर्णन असेच आहे. संस्कृतात लिहिणारा पंडित आणि देशी भाषेत लिहिणारा कवी, दोघांनी एकाच काळात एकच गोष्ट सांगितली, तर तिला खोटी म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. चिपळूणच्या पत्रावर ज्याची मान डोलते त्याने गंगारामही वाचलाच पाहिजे. ‘तुमच्यापेक्षा मोगल बरा’ असे रयत म्हणेल, ही जी भीती महाराजांनी घातली होती, ती वर्धमानच्या कुणब्यांच्या तोंडून खरी झाली.

इंग्रजांच्या कलकत्त्यात त्या वेळी एवढी घबराट उडाली की शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा व्हायचा होता. सहा महिन्यांत तीनेक मैल झाला, तोवर मराठे काही कलकत्त्यावर आले नाहीत आणि काम तसेच राहिले. हा ‘मराठा डिच’. त्यावरून कलकत्तेकर गोऱ्यांना ‘डिचर’ असे थट्टेचे नाव पडले. १७९९ मध्ये खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. बागबाजारातल्या एका गल्लीने ‘मराठा डिच लेन’ हे नाव राखले.

बंगाली मातांनी मात्र आपला खंदक बुजवला नाही. लेकराला थोपटताना म्हणायचे त्यांचे एक गाणे आहे. ते बंगालात कोणाला ठाऊक नाही असे नाही. मूल झोपते, आळी सामसूम होते, आणि बर्गी येतात. आपल्याकडे आई बागुलबुवाची भीती घालते. तिकडे बागुलबुवाच्या जागी आमचा बारगीर बसला. पण त्या गाण्यात नुसते घोडेस्वार नाहीत. धान पाखरांनी खाऊन टाकले, आता सारा कशाने भरायचा, हीही चिंता त्यात आहे. स्वार, पाखरे आणि सरकारदेणे, तिन्ही संकटे एका पाळण्याच्या दोरीत गुंफलेली आहेत. कोणाला किती दोष द्यायचा याचा निवाडा ती आई करीत नाही.

मला राहून राहून वाटते ते एवढेच की, शब्दाच्या नशिबाचा हा खेळ फार क्रूर आहे. ज्याला स्वतःचा घोडा नव्हता, ज्याची झडती होत असे, ज्याला गवताची काडी मोजून मिळे, त्या शिस्तीतल्या गरीब स्वाराचे नाव बंगालात बेबंद लुटीला चिकटले. काटव्याच्या त्या छावणीत खरे बारगीर किती आणि शिलेदार-पेंढारी किती, हे घोड्यावरून खाली न उतरणाऱ्या माणसांना कोण विचारणार? गावकऱ्याला दिसला तो घोडा आणि भाला. घोडा कोणाच्या मालकीचा, हे समजून त्याचे काय भागणार होते?

इकडे शब्द आणखी काही काळ चाकरीत राहिला. १८०३ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेतून बाहेर पडलेला जेम्स स्किनर इंग्रजांकडे गेला आणि त्याच्या नावाने एक रिसाला उभा राहिला. १८१७ च्या पुण्याच्या तहानंतर पेशव्यांच्याच पैशाने इंग्रजांनी पुण्याचा रिसाला उभारला. तोच पुढे ‘पूना हॉर्स’ झाला. अशा रिसाल्यांतून शिलेदारी पद्धत जशीच्या तशी चालली. स्वाराने आपला घोडा आणायचा, त्याला ‘असामी’ म्हणत. ज्याच्यापाशी पैसा अधिक तो दोन-चार असाम्या बाळगी आणि त्यांवर दुसऱ्यांना बसवी; ते बसणारे पुन्हा बारगीरच. पहिल्या महायुद्धात ही पद्धत मोडली. हजारो घोडी समुद्रापार मरू लागल्यावर गरीब स्वाराने नवा घोडा कुठून आणायचा? १९२१ पर्यंत ती बंद झाली आणि साऱ्या स्वारांना सरकारातून घोडे मिळू लागले. व्याख्येप्रमाणे पाहिले तर सगळा रिसाला त्या दिवशी बारगीर झाला. हजेरीपटावर मात्र त्यांची नावे ‘सवार’ म्हणूनच लागली.